गाव प्लेगने नव्हे, मालकाने उठवले

इंग्लंडमधले खेडे म्हटले की एक ठरीव चित्र डोळ्यांपुढे येते. मधोमध हिरवळ, कडेला दगडी चर्च, गवताने शाकारलेली घरे, एखादे तळे, आणि हे सारे सृष्टीच्या आरंभापासून तिथेच असल्याचा आव. त्याच्या जोडीला दुसरे चित्र असते ते ओसाड पडलेल्या गावाचे. चौदाव्या शतकात प्लेग आला, माणसे पटापट मेली, उरलेली पळाली आणि गावावर गवत उगवले. पर्यटकांना हीच गोष्ट सांगितली जाते आणि ती ऐकायला बरीही वाटते, कारण तिच्यात दोष कोणाचाच नसतो. गाव आपोआप उगवले, रोगराईने मेले. मधल्या काळात कोणी काही ठरवले का, कोणी कोणाला हुसकावले का, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत इंग्लंडच्या मातीतून जे बाहेर आले, ते या दोन्ही चित्रांच्या विरोधात जाते. तिथले एकवट वस्तीचे खेडे ही साधारण नवव्या ते बाराव्या शतकांच्या दरम्यान माणसांनी केलेली मांडणी आहे, आणि त्यांतली बरीचशी गावे मोडली तीही माणसांच्याच निर्णयांनी. हे निर्णय कोणाचे होते, हे न विचारता लिहिलेला गावाचा इतिहास मालकाच्या सोयीचा होतो.

याचा सर्वांत तपशीलवार पुरावा उत्तरेत यॉर्कशायरमध्ये आहे. तिथल्या वोल्ड्स नावाच्या खडूच्या टेकड्यांमधल्या एका निर्जन दरीच्या काठावर व्हॅरम पर्सी नावाचे गाव होते. आज तिथे बिनछपराचे चर्च, एकोणिसाव्या शतकातली काही घरे आणि गवताखाली लपलेले उंचवटे एवढेच दिसते. मॉरिस बेरेसफर्ड हे आर्थिक इतिहासकार १९४८ मध्ये लीड्स विद्यापीठात रुजू झाले आणि त्याच वर्षी इथे येऊन पोहोचले. त्या काळी विद्वानांचे मत असे होते की इंग्लंडमध्ये ओसाड गावे क्वचितच आढळतात, जे. एच. क्लॅपम यांच्यासारख्या मातब्बर इतिहासकाराने तसे लिहूनही ठेवले होते. बेरेसफर्ड यांनी मात्र जुने नकाशे, करवसुलीची कागदपत्रे आणि शेतांतल्या नांगरटीच्या खुणा एकमेकांशी ताडून पाहिल्या, तेव्हा कागदावर कर भरणारी गावे जमिनीवर नाहीशी झालेली त्यांना दिसू लागली. १९५० मध्ये त्यांनी व्हॅरम पर्सीला पहिली कुदळ मारली. खोदकामाचे शिक्षण त्यांना नव्हते. भिंतीचा दगड लागला की तिच्या कडेकडेने खणत जायचे, एवढीच त्यांची रीत. लवकरच जॉन हर्स्ट हे पुरातत्त्वज्ञ येऊन मिळाले आणि त्यांनी डेन्मार्कमधून एक नवी पद्धत आणली: चर न खणता अख्ख्या घराचे आवार एकदम उघडे करायचे आणि थरामागून थर हलक्या हाताने काढायचा. पुढे १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात काही आठवडे हे काम चालू राहिले. बेरेसफर्ड यांचे ‘द लॉस्ट व्हिलेजेस ऑफ इंग्लंड’ १९५४ मध्ये आले. आज इंग्लंडमध्ये मध्ययुगात ओसाड पडलेल्या गावांची संख्या सुमारे ३,००० मानली जाते. क्वचित म्हणायला हा आकडा जरा मोठाच झाला.

पहिला हिशेब चुकला तो गावाच्या वयाबाबत. गाव अँग्लो-सॅक्सन लोकांनी, म्हणजे रोमन सत्ता गेल्यावर आलेल्या जर्मानिक टोळ्यांनी, पाचव्या-सहाव्या शतकात वसवले असावे, अशी सर्वसाधारण समजूत होती. जमीन खरोखरच जुनी निघाली. लोहयुगातल्या आणि रोमन काळातल्या शेतवस्त्यांच्या खुणा तिच्यात होत्या. सातव्या ते नवव्या शतकातली वस्तीही सापडली, तिच्यात धातुकामाचे अवशेष आणि दगडी क्रुसाचा तुकडाही मिळाला. पण ही वस्ती विखुरलेली होती. इथे एक घर, तिथे दोन, मधे मोकळी जागा. रांगेत बसवलेले गाव त्यानंतरचे. पठारावर एकाला एक लागून आखलेल्या जागा, प्रत्येकीत रस्त्याच्या बाजूला घर आणि अंगण, मागे लांब परस, आणि गावाबाहेर पट्ट्यापट्ट्यांनी वाटलेली मोठी सामाईक शेते. या व्यवस्थेत एका कुटुंबाची जमीन एका ठिकाणी नसते. तिचे पट्टे सगळ्या शिवारात पसरलेले असतात, त्यामुळे काय पेरायचे, कोणते रान पडीक ठेवायचे, कापणीनंतर गुरे केव्हा सोडायची हे सगळ्यांनी मिळून ठरवावे लागते. जुन्या विखुरलेल्या शेतकऱ्यांची जमीन काढून घेऊन ती नव्याने मोजून वाटल्याशिवाय असले शिवार उभे राहूच शकत नाही. शिवाय ही आखणी एकदाच होऊन थांबली नाही. शेतकऱ्यांच्या घरांचे थर उचलत खाली गेल्यावर एके ठिकाणी बाराव्या शतकातल्या जमीनदाराच्या दगडी वाड्याचे तळघर निघाले. म्हणजे वाड्याची जागा पुढे मोडून कुळांना वाटून दिली गेली होती.

ही आखणी कोणी केली यावर अभ्यासकांचे एकमत नाही, आणि इथे माझ्या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप येतो. कोणी दहाव्या शतकातल्या स्कँडिनेव्हियन सरदारांकडे बोट दाखवतात, कोणी १०६९-७० मध्ये विल्यम राजाने उत्तर इंग्लंड जाळून बेचिराख केल्यानंतरच्या पुनर्वसनाकडे. काहींच्या मते नांगर आणि बैल एकत्र वापरायच्या गरजेतून शेतकऱ्यांनी स्वतःच हे ठरवले असेल, जमीनदाराचा हात त्यात असलाच पाहिजे असे नाही. नॉर्थॅम्प्टनशायर आणि बकिंगहॅमशायरच्या सीमेवर व्हिटलवुड परिसरात झालेल्या अभ्यासात तर काही गावे लहानशा जुन्या वस्तीभोवती हळूहळू वाढत गेल्याचे दिसले. हे सगळे मान्य केले तरी मूळ मुद्दा जागेवरच राहतो. ठरवणारा सरदार असो, राजा असो की गावकीची बैठक, कोणीतरी ठरवले. इंग्लंडच्या नकाशावरही हेच दिसते. एकवट खेडी देशभर सारखी पसरलेली नाहीत. ईशान्येकडून नैर्ऋत्येच्या किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या मधल्या रुंद पट्ट्यात ती दाट आहेत आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, केंटमध्ये किंवा डेव्हनमध्ये, विखुरलेल्या शेतवस्त्यांचीच रीत शेकडो वर्षे टिकली. माती आणि हवामान यांनी थोडाफार फरक पडत असेल, पण एवढी स्पष्ट सीमा निव्वळ मातीने आखली जात नाही.

या वादाचा आपल्याशी संबंध लांबचा नाही. सर हेन्री मेन १८६२ ते १८६९ या काळात कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या मंडळाचे कायदा-सदस्य होते. परत गेल्यावर १८७१ मध्ये त्यांनी ‘व्हिलेज कम्युनिटीज इन द ईस्ट अँड वेस्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा युक्तिवाद असा होता की भारतातली खेडी पाहिली म्हणजे युरोपातल्या अतिप्राचीन जर्मानिक ग्रामसमाजाचे दर्शन घडते; इंग्लंडमध्ये जे लुप्त झाले ते इथे जिवंत आहे. त्याआधी १८३० मध्ये कंपनी सरकारचे अधिकारी चार्ल्स मेटकाफ यांनी भारतीय खेड्यांना छोटी गणराज्ये म्हटले होतेच. राज्ये येतात-जातात आणि खेडे जसेच्या तसे राहते, ही कल्पना पुढे राज्यकर्त्यांनी उचलली आणि त्यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांनीही उचलली. पण ज्या इंग्लिश खेड्याचे उदाहरण मेन यांनी गृहीत धरले, ते तसे नव्हतेच. सफोकमध्ये वेस्ट स्टो आणि एसेक्समध्ये मकिंग इथे अँग्लो-सॅक्सन काळातल्या वस्त्या विसाव्या शतकात मोठ्या क्षेत्रावर उघड्या केल्या गेल्या. मकिंगमध्ये जमिनीत अर्धवट खड्डा करून बांधलेल्या २०० हून अधिक झोपड्यांच्या खुणा मिळाल्या, आणि ती वस्ती पिढ्यान्‌पिढ्या जागा बदलत सरकत गेल्याचे दिसले. सामाईक शेते असणारे, एका जागी रुतलेले गाव टोळ्यांनी सोबत आणलेले नव्हते. खरे तर दख्खनमधल्या कागदपत्रांची ओळख असलेल्या माणसाला याचे नवल वाटू नये. दुष्काळाने किंवा लढायांनी उठलेले गाव पुन्हा वसवण्यासाठी कौल, म्हणजे लेखी हमी, द्यायचा, पहिली काही वर्षे सारा कमी घेऊन टप्प्याटप्प्याने वाढवायचा, ही इस्ताव्याची पद्धत आपल्याकडे मुरलेली होती. गावगाड्याचे चाक अनादी काळापासून आपोआप फिरत आले, ही समजूत त्या कागदांपुढेही टिकत नाही.

आता त्या गावातली माणसे. सुरुवातीच्या अहवालांत घरांचे वर्णन असे होते की कुळांची खोपटी कच्ची असत आणि दर पिढीला मोडून नव्याने बांधावी लागत, कारण एकाच जागी भिंतींच्या अनेक रांगा थोड्याथोड्या सरकलेल्या सापडत होत्या. १९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ स्टुअर्ट राथमेल यांनी हाच पुरावा वेगळ्या नजरेने वाचला. त्यांचे म्हणणे असे की घराचा भार भिंतींवर नव्हताच. तो वाकड्या ओंडक्यांच्या जोड्यांनी केलेल्या लाकडी सांगाड्यावर होता. भिंत पडली तर ती तेवढी नव्याने घालायची, सांगाडा मात्र पिढ्यान्‌पिढ्या उभा. तसे असेल तर ती खोपटी नव्हती. चांगल्या सुतारांनी उभी केलेली, वारशाने चालणारी घरे होती. घरांच्या आवारात लोखंडी कुलपे आणि किल्ल्याही सापडल्या. चोरण्याजोगे काही असल्याशिवाय कोणी कुलूप लावत नाही. किनाऱ्यावरून इतक्या आत असलेल्या या गावात समुद्री माशांची हाडे मिळाली, म्हणजे बाजाराशी देणेघेणे होते. दरिद्री आणि आपल्याच खड्ड्यात रुतलेला कुणबी हे चित्र जितके जुने आहे तितकेच ढोबळ आहे.

चर्चच्या आवारातल्या दफनांनी याहून बारीक माहिती दिली. तिथे ६८७ सांगाडे खणून काढण्यात आले आणि अस्थितज्ज्ञ सायमन मेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे त्यांचा अभ्यास केला. हाडांतल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून बाळांना साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत असत असे कळले. मुलांची वाढ मात्र खुंटलेली होती; आजच्या मुलांच्या मानाने ती बरीच बुटकी होती, म्हणजे कुलूपकिल्ल्यांवरून घराघरांत सुबत्ता होती असा निष्कर्षही काढता येत नाही. एका चाळिशीच्या पुरुषाच्या कवटीवर जबर फटक्याची जखम आहे आणि तिच्यावर केलेल्या शस्त्रक्रियेची खूणही. कोणीतरी त्याच्या टाळूची कातडी बाजूला करून हाड खरवडून काढले होते, आणि कडा भरून आलेल्या आहेत, म्हणजे तो त्यानंतर जगला. ही घटना दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराची आहे. आडगावच्या एका शेतकऱ्यावर असा उपचार करणारा हात तिथे कसा पोहोचला, याचे उत्तर कोणत्याही दस्तऐवजात मिळणार नाही. कागद जमिनीच्या मालकाचे असतात. कुळाने काय खाल्ले, काय सोसले, हे त्याच्या हाडांतच वाचावे लागते.

गाव वाढले आणि आटले याची सर्वांत सोपी साक्ष चर्चच्या भिंती देतात. छोट्या दगडी चर्चला बाराव्या-तेराव्या शतकात दोन्ही बाजूंनी कमानी पाडून पडव्या जोडल्या गेल्या, कारण माणसे मावेनाशी झाली. पुढे त्या पडव्या पाडून टाकल्या आणि कमानी दगडांनी बुजवल्या. त्या बुजवलेल्या कमानी आजही दिसतात. आता प्लेगचे काय? १३४८-४९ च्या साथीत इंग्लंडमधली एकतृतीयांश ते निम्मी माणसे मेली आणि व्हॅरम पर्सी त्यातून सुटले असेल असे कोणीही म्हणणार नाही. पण साथीनंतर वीस वर्षांनी, १३६८ च्या सुमाराला, तिथे सुमारे ३० घरे नांदती होती. १४५८ मध्ये, म्हणजे आणखी ९० वर्षांनीही, १६ घरांची नोंद आहे. ज्या गावाला प्लेगने मारले असे सांगतात ते प्लेगनंतर दीडशे वर्षे जिवंत होते. दरम्यान १४०३ मध्ये गावाचे मालक असलेल्या पर्सी घराण्याकडून ते हिल्टन घराण्याकडे गेले होते. धान्यापेक्षा लोकरीला भाव चांगला होता, मेंढ्यांना एक धनगर पुरतो, नांगरटीला मात्र अख्खे गाव लागते. १५०० च्या आसपास उरलेली घरेही गेली. १५१७ मध्ये कार्डिनल वूल्झी यांच्या पुढाकाराने सरकारी चौकशी झाली, तीत नोंद आहे की बॅरन हिल्टन यांनी इथली ४ घरे पाडली आणि ४ नांगर बंद पाडले. सरकारला हा प्रकार ठाऊक नव्हता असेही नाही. शेतकऱ्यांची घरे पाडण्याविरुद्ध कायदा १४८९ मध्येच झाला होता. त्याच काळात, १५१६ मध्ये, थॉमस मोर यांनी ‘युटोपिया’त मेंढ्यांपायी गावे ओस पडत असल्याबद्दल जमीनदारांना झोडपून काढले. समकालीनांना कारण दिसत होते. ते पुसट झाले ते पुढच्या पिढ्यांच्या सांगण्यात.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप क्रिस्टोफर डायर यांच्यासारख्या इतिहासकारांचा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पश्चिम मिडलँड्समधल्या गावांचा अभ्यास करून त्यांनी दाखवले की अनेक ठिकाणी जमीनदार कुळांना हाकलत नव्हते, उलट धरून ठेवायला धडपडत होते. साथीनंतर मजूर कमी, जमीन भरपूर. मजुरी वाढू नये म्हणून १३५१ मध्ये कायदा करावा लागला, यावरून कुळांचे पारडे किती जड झाले होते ते कळते. चांगली जमीन, कमी खंड आणि सैल मालक जिथे मिळेल तिथे माणसे आपणहून निघून गेली. गाव आतून विसविशीत झाले आणि मग शेवटच्या दोन-चार घरांना मेंढ्यांच्या मालकाने धक्का दिला. हे मला पटते, आणि व्हॅरमचे ३० वरून १६ वर आणि १६ वरून ४ वर येणेही त्याला धरूनच आहे. मात्र या मांडणीतही प्लेग गाव उठवत नाही. तो फक्त सौदा बदलतो. निर्णय पुन्हा माणसेच घेतात, काही निघून जाणारी, काही हाकलणारी. पाडली गेलेली घरे चारच होती, म्हणून ती पाडणे क्षुल्लक ठरत नाही. जे राहिले ते जाण्याची ऐपत किंवा इच्छा नसलेले होते. आणि शेजारचे थिक्सेन्डेल पाहावे. व्हॅरमच्याच धर्मक्षेत्रातले गाव, त्याच टेकड्या, तीच माती, तीच साथ. ते टिकले, आजही आहे. किंबहुना तिथली माणसे प्रार्थनेला आणि दफनाला येत राहिली म्हणूनच गाव गेल्यावरही व्हॅरमचे चर्च साडेतीनशे वर्षे चालू राहिले. १८७० मध्ये थिक्सेन्डेलला स्वतःचे चर्च मिळेपर्यंत. मात्र रेस्थॉर्प आणि टौथॉर्प ही त्याच धर्मक्षेत्रातली दुसरी गावे गेली. एकाच साथीने इतके वेगवेगळे निकाल कसे लागतील?

उरतो एक पद्धतीचा आक्षेप. मेलेल्या गावांवरून गावांबद्दल बोलणे म्हणजे फक्त स्मशानात जाऊन लोकसंख्येचा अंदाज बांधणे झाले. आक्षेप रास्त आहे आणि इंग्लिश पुरातत्त्वज्ञांनी तो मनावर घेतला, हे त्यांचे मोठेपण. कॅरेन्झा लुइस यांनी २००५ पासून पूर्व इंग्लंडमधल्या नांदत्या गावांत एक साधा उद्योग सुरू केला: लोकांच्या परसात, शाळेच्या पटांगणात, एक मीटर लांब-रुंद खड्डे घ्यायचे, दहा-दहा सेंटिमीटरने खाली जायचे, माती चाळायची आणि प्रत्येक थरातली खापरे मोजायची. खणणारे होते गावकरी आणि शाळकरी मुले. ५५ गावांतल्या २,००० हून अधिक खड्ड्यांचा हिशेब २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. साथीनंतरच्या काळातली खापरे आधीच्या मानाने सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होती. प्लेगने काय केले ते यातून दिसते, आणि काय केले नाही तेही. एवढा फटका बसूनही ही सगळी गावे आज नांदत आहेत, नाहीतर परसात खणायला परवानगी देणारे कोणी उरलेच नसते.

या कामाला लागते काय? कुदळ, चाळणी, खापर धुवायला पाण्याचे घमेले आणि खापर ओळखणारा एक जाणकार. महाराष्ट्रात साध्या माणसांची घरे खणायची परंपरा नाही असे म्हणता येणार नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षे शिरूर तालुक्यातल्या इनामगावला ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या झोपड्या खणल्या आणि ते काम जगभर नावाजले गेले. मध्ययुगातल्या गावठाणांच्या वाट्याला मात्र तेवढी चिकाटी आलेली नाही. तिथे आपली भिस्त दफ्तरांवर. एखाद्या कौलनाम्यात अमुक गाव तीस वर्षे उजाड होते आणि आम्ही ते नव्याने वसवले असे लिहिलेले असते, तेव्हा त्या गावच्या पांढरीत, म्हणजे वस्तीच्या जागेत, वीस-पंचवीस खड्डे घेऊन पाहता येईल, की खापरांत खरेच तेवढा खंड पडतो का, की सारा चुकवणारी दहा-वीस घरे कागदाच्या नजरेआड तिथेच चुली पेटवत बसली होती.